पायी शाळा : पुण्यात डहाणूकर कॉलनी ते नळ स्टॉप, चार फेऱ्यांचा हिशेब

२ जून २०२५, सोमवार

लेकीला शाळेत नेणाऱ्या व्हॅनवाल्या काकांचा मेसेज आला. यंदा वारज्याची मुलं वाढली, आमच्या डहाणूकर कॉलनीची फेरी बंद. दुसऱ्या एका व्हॅनची चौकशी केली, तर ते लेकीला शाळेच्या तासभर आधी उचलणार आणि अख्खं कोथरूड फिरवून सोडणार. स्कूटर आहे, पण सकाळी साडेआठला कर्वे रस्त्यावर तिसरीतल्या पोरीला मागे बसवून जायचं म्हणजे माझा दिवस कपाळावर आठ्या घालूनच सुरू होणार. नवऱ्याची ऑफिसची बस सातला येते, त्यामुळे तो या हिशेबातून बाहेर.

म्हणून पायी जाऊन बघायचं ठरवलं. प्रश्न दोन आहेत, ते वेगळे ठेवायचे. लेक रोज एवढं चालू शकेल का? आणि तिला सोडणारं माणूस रोज एवढं चालू शकेल का?

शाळा नळ स्टॉपच्या पलीकडे, आतल्या गल्लीत. नकाशावर एका बाजूचं अंतर २.८ किलोमीटर. शाळा नऊची. राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आत भरवू नका असा आदेश काढला, त्याचा आम्हाला थेट फायदा. सातची शाळा असती तर ही नोंदवही उघडलीच नसती. सुटते अडीचला.

५ जून

कायदा काय समजतो ते पाहिलं. शिक्षण हक्क कायद्याखालच्या राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत असावी असं आहे. म्हणजे नियम करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर आठ वर्षांचं मूल एक किलोमीटर चालणारं होतं. आमचं अंतर त्याच्या जवळजवळ तिप्पट.

उलट जपानमध्ये प्राथमिक शाळेसाठी साधारण चार किलोमीटर आणि त्यापुढच्या तीन वर्षांच्या शाळेसाठी सहा किलोमीटर हा सरकारी मापदंड आहे. तिथली मुलं काही वेगळ्या हाडामासाची नाहीत, तेव्हा फरक रस्त्यात असणार.

घराजवळ शाळाच नाही असंही नाही. हाकेच्या अंतरावर दोन आहेत. आपणच लांबची निवडली, तेव्हा त्याबद्दलचं रडगाणं या वहीत नको.

८ जून, रविवार

चाचणी फेरी, दप्तराशिवाय. जाताना सरळ कर्वे रस्ता : कर्वे पुतळा, मग पौड फाट्याचा पूल, एसएनडीटी, नळ स्टॉप. ४१ मिनिटं. येताना पौड फाट्यापासून आत शिरून मयूर कॉलनीतल्या गल्ल्यांनी : ४६ मिनिटं. त्यातली दोन-तीन मांजराला गेली.

मुख्य रस्त्याला फुटपाथ आहे, पण तो सलग नाही. दुकानाची पायरी येते, मग विजेचा डीपी, मग कुणाचीतरी लावून ठेवलेली ॲक्टिव्हा, आणि दर वेळी खाली उतरायचं, दहा पावलं गाड्यांच्या बाजूनं चालायचं, परत वर चढायचं. आतल्या गल्ल्यांत फुटपाथ जेमतेमच, पण झाडं आहेत, गाड्या हळू असतात आणि एकमेकींचं बोलणं ऐकू येतं. कर्वे रस्त्यावर लेक काय सांगत होती ते मला निम्मं कळलं नाही. पाच मिनिटं जास्त गेली तरी आतला रस्ता पक्का.

एक आकडा टिपून ठेवते. सिग्नलची वेळ आखताना पादचारी सेकंदाला १.२ मीटर चालतो असं साधारण धरतात. ताशी ४.३ किलोमीटर. लेक मोकळ्या हातांनी ताशी चारच्या आसपास चालली. दप्तर आलं की अजून हळू. म्हणजे सिग्नल ज्याच्यासाठी आखला तो माणूस तिच्यापेक्षा उंच आहे आणि त्याच्या पाठीवर काही नाही.

११ जून

दप्तर. वजनकाट्यावर तिला एकदा दप्तरासकट आणि एकदा नुसती उभी केली. नुसती २४ किलो, दप्तरासकट २७.६. दप्तर वजनाच्या दहा टक्क्यांच्या वर नको असा नियम आहे, म्हणजे २.४ किलो. आमचं दीडपट.

उपसायला बसलो तेव्हा पुस्तकांचा दोष कमीच निघाला. भरलेली पाण्याची बाटली, स्टीलचा दोन मजली डबा, कंपासपेटीत गेल्या वर्षीच्या पेन्सिलींचे तुकडे आणि तळाशी पुठ्ठ्याची जाड चित्रकलावही, जी फक्त शुक्रवारी लागते. शाळेत फिल्टर आहे, तेव्हा बाटली अर्धी न्यायची. डबा एक मजली. वही शुक्रवारीच. आता २.५. शंभर ग्रॅम सोडून दिले.

दप्तर मी धरणार नाही, हेही आजच ठरलं. मी धरलं तर चाचणी माझ्या पाठीची होईल.

१६ जून, सोमवार

शाळा सुरू. आठला निघालो, पावणेनऊला फाटकात. लेक ताजीतवानी. मी घरी परत आले तेव्हा नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती आणि साडेनऊची मीटिंग मी घाम पुसत, कॅमेरा बंद ठेवून घेतली.

२० जून, शुक्रवार

दोन्ही पालख्या आज पुण्यात. आप्पा म्हणजे माझे सासरे. सकाळी चहा घेताना त्यांना विषय मिळाला. आळंदी ते पुणे लोक एका दिवसात तीसेक किलोमीटर चालतात, सत्तरी ओलांडलेली माणसं चालतात, आणि तुमचं पावणेतीन किलोमीटरचं एवढं कौतुक? त्यावर जोडून, आम्ही वाडीवरून शाळेत दोन मैल जायचो, ओढा ओलांडून, अनवाणी.

मी विचारलं, आप्पा, तुम्हाला सोडायला कोण यायचं?

कोण येणार? आम्ही सात-आठ पोरं मिळून जायचो. आईला भाताचं काम नव्हतं का?

या वहीतली आजवरची सगळ्यात कामाची माहिती आप्पांकडून मिळाली आणि त्यांना ते ठाऊकही नाही. त्यांच्या दोन मैलांत मोठ्या माणसाचं एकही पाऊल नव्हतं. मूल एकदा जायचं, एकदा यायचं, संपलं. आमच्याकडे मूल दोन फेऱ्या चालतं आणि आई चार. दोन लेकीबरोबर, दोन रिकाम्या. २.८ गुणिले चार म्हणजे ११.२ किलोमीटर. वेळ धरला तर लेकीबरोबरच्या दोन फेऱ्या प्रत्येकी पाऊण तास, रिकाम्या दोन प्रत्येकी पस्तीस मिनिटं. दिवसाला दोन तास चाळीस मिनिटं. लेकीची चाल त्यातली फक्त दीड तासाची.

वारीचं म्हणाल तर वारकऱ्याला पंढरपूरला पोचून साडेनऊच्या मीटिंगला आळंदीला परत यायचं नसतं. हे मात्र आप्पांना बोलले नाही.

३ जुलै

पाऊस. यंदा तो मे महिन्यातच येऊन बसलाय, त्यामुळे पहिल्या पावसाची गंमत केव्हाच संपली. छत्री की रेनकोट यावर घरात दोन मतं होती, छत्री बाद. एक हात छत्रीत अडकतो, वारा आला की दुसराही, आणि रस्ता ओलांडताना लेकीला एक हात माझ्या हातात हवा. दप्तरावरून जाणारा, मागे फुगा असलेला रेनकोट घेतला.

खरी अडचण बुटांची. काळे बूट एकदा भिजले की दोन दिवस वाळत नाहीत, आणि ओले मोजे घालून सहा तास बसलं की पाय पांढरे पडतात. वर्गाच्या बाईंना भेटून विचारलं. त्या म्हणाल्या, पावसाळी सँडल घालू द्या, मोजे-बूट पिशवीत पाठवा, इथे बदलेल. म्हणजे दप्तर पुन्हा तीन किलोच्या जवळ. त्यावर तोडगा, बूट शाळेतच कपाटात. दोन दिवसांनी वर्गातल्या आणखी चार मुलांचे बूट त्या कपाटात दिसले, त्यातलं एकही मूल चालत येणारं नाही.

भुरभुर असेल तर चालायला मजा येते. धो धो असेल तर रिक्षा. यात कसलाही कमीपणा मानायचा नाही, असं आधीच लिहून ठेवते, नाहीतर हट्ट सुरू होतो.

१४ जुलै

लेकीनं आज विचारलं, फुटपाथ एवढा उंच का? मी म्हटलं, उंच नाही, तूच लहान आहेस. तिनं कंपासपेटीतून पट्टी काढली आणि भर रस्त्यात फुटपाथच्या कडेला उभी लावली. पट्टी पंधरा सेंटिमीटरची. दगड पट्टीच्या वर चांगला चार बोटं शिल्लक.

घरी येऊन पाहिलं तर भारतीय रोड काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेत फुटपाथच्या कडेची उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर सांगितली आहे. म्हणजे बरोबर लेकीची पट्टी. चालायला मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी, तीही निवासी भागात. आता रोज येता-जाता तिचं मोजकाम चालू असतं आणि आमची दोन-तीन मिनिटं त्यात जातात. फक्त मयूर कॉलनीतल्या एका बंगल्याच्या फाटकासमोरची कड पट्टीत बसून पास झाली. तिथे तिनं मोठ्यांदा "पास" म्हणून जाहीर केलं, तेव्हा आतल्या आजोबांना वाटलं आम्ही महापालिकेकडून आलोय.

पुणे महापालिकेनं २०१६ साली पादचारी धोरण मंजूर केलंय. धोरण वाचायला छान आहे. जंगली महाराज रस्त्याचा फुटपाथ पाहिला की जमतं हेही कळतं. आमच्या वाटेवर ते अजून यायचंय, बहुधा तेही चालतच येत असावं.

२४ जुलै

रिकाम्या फेऱ्यांचा बंदोबस्त. हाच या प्रकल्पाचा गाभा आहे, बाकी दप्तर-बूट सगळी डागडुजी.

मेट्रोचा विचार केला. वनाज ते गरवारे कॉलेज हा टप्पा मार्च २०२२ मध्ये सुरू झाला आणि नळ स्टॉपला स्टेशन आहे. पण मेट्रो पौड रस्त्यावरून येते. मला सोयीचं स्टेशन आयडियल कॉलनी, म्हणजे नळ स्टॉपच्या फक्त एक स्टेशन अलीकडे. जिने चढा, पिशवी तपासा, दोन मिनिटं बसा, जिने उतरा, आणि मग आयडियल कॉलनीपासून घरापर्यंत पुन्हा चाला. हाती काही लागत नाही. वनाजपाशी राहणाऱ्यांसाठी उत्तम, डहाणूकरवाल्यांसाठी नाही.

पीएमपीची शहरबस मात्र कर्वे रस्त्यावरून सारखी असते. १ जूनपासून भाडं वाढलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी नाकं मुरडली, पण पहिल्या पाच किलोमीटरला दहा रुपये, आणि माझी फेरी त्यात सहज बसते. सकाळी लेकीला सोडून नळ स्टॉपवरून बस, कर्वे पुतळ्याला उतरणं, वरचं अंतर पायी. दुपारी आणायला जाताना उलट. दिवसाचे वीस रुपये. प्राथमिक वर्गांना कायद्यानं वर्षाला किमान दोनशे दिवस शाळा हवी, म्हणजे वर्षाचे चार हजार. व्हॅनवाले काका एवढ्यात दोन महिनेही न्यायला तयार नव्हते.

आता मी दिवसाला साडेपाच-सहा किलोमीटर चालते, अकरा नाही. लेकीबरोबरच्या दोन फेऱ्या पायी, रिकाम्या दोन बसनं. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी घरात. एक गोष्ट गमतीची आहे : मूल चालतं आणि आई वाहनानं जाते, असं ऐकून सोसायटीतल्या एका काकू हबकल्या. त्यांच्या हिशेबानं उलट असायला हवं.

११ ऑगस्ट

पौड फाटा. या वाटेवर मला भीती वाटते ती या एकाच ठिकाणी. पुलाखाली दोन रस्ते मिळतात, आणि डावीकडे वळणारी वाहनं आपल्याला लाल दिवा लागू नाही असं धरून चालतात. हिरवा माणूस दिसत असताना आम्ही अर्ध्यात पोचलो की बाजूनं दुचाकी जाते. लेक थांबते, मी थांबत नाही, हात ताणला जातो. हा क्षण रोजचा आहे.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातले ३२,८२५ पादचारी. पाचातला एक. शिवाय गाडी किती लांब आहे ते लहान मुलांना समजतं, पण ती किती वेगानं येतेय याचा अंदाज नऊ-दहा वर्षांपर्यंत कच्चाच असतो. तेव्हा लेकीला एकटीनं कधी सोडायचं, याचं उत्तर तिच्या पायांवर अवलंबून नाही. ते पौड फाट्यावर अवलंबून आहे. हा एक चौक सुधारला तर पाचवीतलं मूल ही वाट मित्रांबरोबर जाऊ शकेल. नाही सुधारला तर आठवीतलंही मोठ्याचा हात धरूनच.

केलेली गोष्ट : दशभुजा गणपतीच्या बाजूनं थोडं मागे जाऊन, जिथे वाहनं सिग्नलला थांबलेली असतात तिथूनच ओलांडायचं. तीन मिनिटं वाढली. वाहतूक पोलीस उभा असेल त्या दिवशी ती वाचतात.

२२ ऑगस्ट

बुधवारी गणपती. मांडवांचे वासे पडलेत, मयूर कॉलनीतली एक गल्ली निम्मी बंद. ढोलपथकांचा सराव संध्याकाळी असतो, त्यामुळे तो आमच्या वाट्याला नाही. आठवडाभर वेळ पाच-सात मिनिटांनी वाढणार. लेकीला त्याचं काही नाही, तिला प्रत्येक मांडवापाशी थांबायचंय.

८ सप्टेंबर, सोमवार

खालच्या मजल्यावरच्या वहिनी स्वतःहून आल्या. त्यांचा मुलगा चौथीत, त्याच शाळेत, रिक्षानं जातो. त्याला लेकीबरोबर चालायचंय, कारण तिनं त्याला पट्टीचं सांगितलंय आणि त्याच्याकडे तीस सेंटिमीटरची आहे. मयूर कॉलनीतून दुसरीतली एक मुलगी वाटेत सामील होणार. तिचे आजोबा सकाळी फिरायला जातातच, ते म्हणाले एखाददिवस मीच सगळ्यांना सोडतो.

म्हणजे आप्पांची सात-आठ पोरं परत आली, फक्त बरोबर एक मोठं माणूस. जपानमध्ये प्राथमिक शाळेची मुलं अशीच गल्लीवार गट करून जातात, पुढे वरच्या वर्गातलं मूल, पहिलीवाल्यांच्या डोक्यावर पिवळ्या टोप्या. आमच्याकडे टोप्या नाहीत, पण तिघांच्या दप्तरांवर सायकलच्या दुकानातली चमकणारी पट्टी लावली. कुरिअरवाल्याकडेही तीच असते, असं लेकीनं लगेच सांगितलं.

पाळ्या ठरल्या. सोमवार-गुरुवार मी, मंगळवार-शुक्रवार वहिनी, बुधवार आजोबा. शनिवारी जो मोकळा तो. दुपारचं वेगळं : आजोबा दुपारी झोपतात, त्याला इलाज नाही, बुधवारची दुपार मी आणि वहिनी आलटून-पालटून. तिघांपैकी कुणीही आठ वाजून पाच मिनिटांनंतर थांबायचं नाही. चौथीतल्या मुलाला एकदा मागे सोडून गेलो. त्यानंतर तो आठला दहा कमी असतानाच जिन्यात बसलेला असतो.

माझा हिशेब आता असा : आठवड्यातले दोन-तीन दिवस, दिवसाला साडेपाच किलोमीटर. हे वर्षभर निभेल. चार फेऱ्या रोज, एकटीनं, काही केल्या निभलं नसतं. पाय दुखले म्हणून नव्हे, वेळ पुरला नाही म्हणून. एक-दीड किलोमीटरवर शाळा असेल तर चारही फेऱ्या पायी मारायला कुणाला काही वाटणार नाही. अडीच-तीनवर रिकाम्या फेऱ्या वाहनानं किंवा वाटून घेतल्याशिवाय सुरूच करू नये. त्यापुढे बसच बरी.

आणि ज्यांचं ऑफिस शाळेच्याच दिशेला आहे, त्यांना रिकामी फेरी नाहीच. डेक्कनला नोकरी करणारी एक आई मला नळ स्टॉपला रोज दिसते. मुलाला सोडते आणि तशीच पुढे चालत जाते. माझा सगळा प्रकल्प तिला एका वाक्यात सुटलाय.

२९ सप्टेंबर

लेकीबद्दल. मुलांनी दिवसाला सरासरी तासभर तरी अंगमेहनतीचं खेळावं-हालावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिचा तो कोटा शाळेच्या वाटेवरच भरतो. पहिल्या पंधरवड्यात संध्याकाळी आठलाच झोप यायची, आता येत नाही. दुपारच्या फेरीत मात्र ती कुरकुरते आणि तिचं बरोबर आहे. सहा तास बसून, अर्धवट डबा खाऊन, उन्हात चाळीस मिनिटं. म्हणून वाटेत एक थांबा ठेवलाय. चिक्कीचा तुकडा आणि पाच मिनिटं कट्ट्यावर बसणं. चिक्की नसेल त्या दिवशी तीच वाट दोन किलोमीटरनं वाढते.

तिला आता वाटेवरच्या कुत्र्यांची वेळापत्रकं पाठ आहेत. फुलवाली कुठल्या दिवशी येत नाही तेही. गेल्या वर्षी व्हॅनमधून याच रस्त्यानं वर्षभर गेली होती, तेव्हा तिला फक्त कोण खिडकीत बसलं ते माहीत असायचं.

११ डिसेंबर, गुरुवार

आज पादचारी दिन. लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद, तिथे गालिचे, रांगोळ्या, भाषणं. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस बाकीच्या रस्त्यांवर काय करायचं ते आम्ही बघतो.

थंडीत चाल सगळ्यात छान जमतेय. ३८ मिनिटांपर्यंत आलोय, पट्टीचं मोजकाम धरून. सगळे मुद्दे मिटलेत, एक सोडून : उन्हाळा. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी अडीचला पुण्यातल्या डांबरावर तीन मुलांना चालवायचं नाही, हे तिन्ही घरांना मान्य. तेव्हा होळीनंतर दुपारी सगळेच बसनं. पण या वर्षी मार्चअखेर उन्हामुळे प्राथमिक शाळा सात ते सव्वाअकरा कराव्यात असा आदेश निघाला होता. पुढच्या वर्षी तसंच झालं तर सव्वासहाला, नीट उजाडायच्या आत घर सोडावं लागेल, आणि अंधारात पौड फाटा मी ओलांडणार नाही. आजोबाही नाही म्हणाले. तेवढे आठवडे सकाळी स्कूटर, दुपारी बस. चार वर्षांवरच्या मुलांना हेल्मेट लागतंच आणि लेकीचं जुनं आता डोक्यात जात नाही. जानेवारीत नवं घ्यायचं.